परदेशी साहेब आणि आमची शेजारीण

आमची शेजारीण कानात इयरफोन घालून, ओट्यावर मेथी निवडत, परदेशातल्या कंपनीच्या साहेबाशी फाडफाड इंग्रजी बोलायची; त्या कंपनीचं काम ती घरूनच करायची. फोन ठेवला की मला म्हणायची, "काका, लई डोकं खातंय बघा."

तिनं बाळंतपणाची रजा मागितली, तर त्यानं तिला कामावरूनच काढलं. तू कंत्राटी आहेस, तुमचा कायदा आम्हाला लागत नाही, असं कळवलं.

"रोज हजेरी घ्यायचा, सुट्टी त्याला विचारून. मग मी नोकर न्हाय तर कोण?" ती संतापली. मी तिच्यासोबत धाराशिवच्या सरकारी कामगार कचेरीत गेलो. तिथले अधिकारी म्हणाले, "कंपनी परदेशात. नोटीस पाठवायची कुठं?"

मी हळूच म्हणालो, "चल पोरी, घरी जाऊ."

ती टेबलावर हात आपटून त्यांना म्हणाली, "काम सांगायला त्या कंपनीवाल्यांना धाराशिव बरोबर सापडत होतं. तुमाला त्यांचा देश सापडंना व्हय?" आणि अवघडल्या अंगानं तिथंच खुर्चीत बसून राहिली.

संध्याकाळी नोटीस निघाली. रिक्षात मी तिला शाबासकी द्यायला गेलो.

"बोलू नका काका," ती म्हणाली. "तुम्ही बी मला घरीच न्यायला निघाला होता."