वासाची वही

बायकोला हे माहीत नाही. मुलाला तर नाहीच नाही. सहा वर्षं मी एकट्याने सांभाळलंय, आणि आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांपुढे माझी जीभ कशी वळते, ते पुढे येईलच.

मी पावणे गावात राहतो. मूळचा साताऱ्याकडचा, पण तीस वर्षं इथल्याच लहान-मोठ्या कारखान्यांत केमिस्ट म्हणून काढली आणि निवृत्तही इथेच झालो. गावात मला ‘केमिस्टभाऊ’ म्हणतात. आमच्या बिल्डिंगच्या समोर जनाकाकींचं घर आहे. काकी इथल्याच. कारखाने यायच्या आधी याच जागेत त्यांची भातशेती होती. सहा वर्षांपूर्वी त्यांची नात आठ वर्षांची होती आणि तिला दमा होता. हे लक्षात ठेवा. सगळं त्या पोरीसाठी चाललं होतं.

गावामागे एक कारखाना आहे. पूर्वी तो एका शेठचा होता. सकाळी वास सुटला की बायका थेट गेटवर जायच्या, शेठ बाहेर यायचा, हात जोडायचा, चहा पाजायचा आणि पंधरा दिवस वास बंद व्हायचा. शेठ काही संत नव्हता, पण त्याला तोंडावर चार शब्द सुनावता यायचे. मग एका परदेशी कंपनीने तो कारखाना विकत घेतला. नवं गेट आलं, कॅमेरे आले, ठेकेदाराचे सिक्युरिटीवाले आले. ती मुलं बिचारी दर तीन महिन्यांनी बदलायची, त्यांना मालक कोण हेही ठाऊक नसायचं. तक्रार वेबसाइटवर करायची. मग इंग्रजीतून आभाराचं पत्र यायचं, खाली एक नंबर. सही कोणाचीच नाही! महापालिका म्हणायची, हे आमच्याकडे येत नाही. प्रदूषणवाले म्हणायचे, नोंद दाखवा. आता वासाची नोंद कशी दाखवणार — बरणीत भरून?

वहीची कल्पना माझीच. एक जाड रजिस्टर आणलं, रकाने आखले. तारीख, वेळ, वारा कुठला, वास कसला. दर रविवारी वही पुढच्या घरी जायची. हळदीकुंकवाचं बोलावणं जावं तशी ती घरोघर फिरली. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही. मी ‘सॉल्व्हंट’ लिहायचो, तरुण मुली ‘नेलपॉलिश’ लिहायच्या. काकी चौथी शिकलेल्या. त्या एकेक अक्षर कोरल्यासारखं काढत लिहायच्या, ‘कुजका कांदा आनि फिनेल. पोरीला पंप दिला.’ त्यांचा आठवडा असला की पहाटेच उठून ओट्यावर बसत. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवापेक्षा त्यांचं नाक अचूक होतं, हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं. आता करतो.

मुद्द्यावर येत नाहीये मी. कळतंय मला.

त्या कंपनीचा माल युरोपात जायचा, आणि तिथल्या गिऱ्हाइकांना म्हणे कारखान्याभोवतीच्या लोकांची खुशाली हवी असायची. त्यांनी तपासणीला माणसं पाठवली. एक परदेशी बाई आणि मुंबईचे दोघं. गावच्या समाजमंदिरात बैठक ठरली. विचार करा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमचं ऐकायला कोणीतरी आलं होतं, आणि तेही अशा ठिकाणाहून की जिथून एक फोन आला तर कारखान्याची चिमणी दुसऱ्या दिवशी सुधारेल. बायका नेसत्या साड्या बदलून आल्या होत्या. काकी नातीला घेऊन पुढेच बसल्या होत्या.

त्या आठवड्यात वही काकींकडे जायची होती. रविवारी माझ्याकडून द्यायची राहून गेली. बैठकीतच देऊ म्हणून मी ती कापडी पिशवीत घालून आणली होती. पिशवी माझ्या पायाशी होती.

कंपनीकडून एक अधिकारी आला होता. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथेच बसला. बसता बसता हसून म्हणाला, “काका, मिलिंदचं कसं चाललंय? त्याचं तिकडचं पोस्टिंग जवळजवळ झालंच म्हणे.”

एवढंच. मिलिंद माझा मुलगा. त्याच कंपनीच्या ऐरोलीच्या ऑफिसात होता, आणि युरोपातल्या मुख्य ऑफिसात बदलीची वाट बघत होता. त्याने मला कधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं की बाबा, त्या वहीच्या भानगडीत पडू नका. उलट वहीचे रकाने आखायला त्यानेच पट्टी दिली होती. आणि तो अधिकारी? त्याने धमकी दिली का? नाही. खरंच विचारपूस करत असेल. मी कितीदा तरी त्याचा तो आवाज आठवून पाहिलाय, त्यात मला काही सापडत नाही.

मग त्या परदेशी बाईने मूळ वही मागितली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “वही गेल्या रविवारी जनाकाकींकडे दिली.”

विचार करून बोललो नाही, असं म्हणायची सोय आहे. पण मी ती पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली होती — आधी. बोलण्याच्या आधी.

काकी गोंधळल्या. एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता म्हणतील, ‘नाय भाऊ, तुमीच आनली नाय.’ म्हणाल्या असत्या तर? पण केमिस्टभाऊ खोटं बोलेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी स्वतःवरच संशय घेतला. घरी धावत गेल्या, अर्ध्या तासाने रिकाम्या हाताने आल्या. झेरॉक्स काढायच्या असं तीनदा ठरलं होतं, आणि ते काम माझ्याकडेच होतं. दोघातिघांच्या मोबाइलमध्ये चार-पाच पानांचे फोटो निघाले. पाहुण्यांनी ते नम्रपणे पाहिले आणि मूळ नोंदीशिवाय याला ‘रहिवाशांचं म्हणणं’ एवढंच लिहिता येईल, असं सांगून निरोप घेतला. पुन्हा कोणी आलं नाही.

मला वाटायचं हे सांगणं सर्वांत अवघड जाईल. नाही, अवघड पुढचं आहे.

काकींनी घर उपसलं. कपाट, दिवाण, नातीची दप्तरं. मग त्यांना वाटू लागलं की वही रद्दीत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या भंगारवाल्याकडे निघाल्या, आणि मी — मी त्यांच्याबरोबर गेलो. एकटी म्हातारी बाई कुठे जाणार, असं बायको म्हणाली म्हणून. तीन तास आम्ही समोरासमोर बसून रद्दीचे गठ्ठे सोडत होतो. वही माझ्या घरी माळ्यावर, जुन्या कुकरच्या खोक्यात. आणि मी एकेक गठ्ठा उलटून पाहत होतो, अगदी मन लावून. एकदा तर तसलंच रजिस्टर दिसलं तेव्हा माझ्या तोंडून “सापडली!” निघालं. काकींचा चेहरा कसा उजळला म्हणून सांगू. ते कोणाच्या तरी दुकानाचं होतं.

पुढच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या. बैठकीत बोलायची त्यांना सवय नव्हती. पदर सावरत म्हणाल्या, “माज्याच हातून झायलं. मना कायच आठवत नाय. मना माफ करा.” दोघीतिघींच्या चेहऱ्यावर राग स्पष्ट दिसत होता. आणि मी मोठेपणाने म्हणालो, “जाऊ द्या काकी, वयाने होतं असं.”

माफ केलं मी त्यांना. ऐकताय ना? मी त्यांना माफ केलं.

नवी वही कोणी सुरू केली नाही. नातीचा त्रास वाढला तेव्हा काकींचा मुलगा बिऱ्हाड घेऊन करंजाड्याला गेला. आईला चल म्हणाला, पण त्या घर सोडेनात. नात आता दोन-तीन महिन्यांतून एकदा येते. मिलिंदची बदली झाली, आणि वर्षाच्या आत त्याने ती कंपनी सोडून दुसरी धरली. फोनवर कधीतरी विचारतो, बाबा, ती तुमची वही मिळाली का हो? मी नाही म्हणतो.

गावात नवीन भाडेकरू आले की काकी आपणहून सांगतात, आमच्याकडे अशी वही होती, मी हरवली. मी तिथे असलो तर विषय बदलतो.

गेल्या वर्षापासून काकींना वास येईनासा झालाय. डॉक्टर वयामुळे म्हणतात. सवय मात्र सुटलेली नाही, सकाळी ओट्यावर बसतातच. मी दूध घेऊन येताना हाक मारतात, “भाऊ, आज वास हाय का?” कारण एखाद्या रविवारी नात यायची असते, आणि वास असला तर काकी मुलाला फोन करून नको आणू म्हणून सांगतात.

परवा रविवारी विचारलं. नात यायची होती. घशात खवखवेल इतका वास होता.

“नाही काकी,” मी म्हणालो, “आज काही नाही.”