दिलीपच्या छातीवरचे पंख

दिलीप सोनवणेच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मी त्याला पॅराशूटवाला जवान करून टाकलं. तो सैन्यात गाड्या दुरुस्त करायचा.

कसं झालं ते सांगतो. काही आठवड्यांपूर्वी एका रविवारी सकाळी दिलीपच्या घरून वहिनींचा फोन आला, "भावोजी, हे उठत नाहीयेत..." मी हेल्मेट काखेत धरून पुनावळ्याच्या चौकात त्याचीच वाट बघत उभा होतो, उशीर केला म्हणून मनातल्या मनात शिव्या घालत. पुढे दोन दिवस मी काही कामाचा राहिलो नाही, आणि बिनकामाचा माणूस अशा वेळी हमखास एखादी जबाबदारी अंगावर घेतो. मी म्हणालो, फ्लेक्स माझ्याकडे. दिलीपचा गणवेशातला फोटो घरात सापडेना. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर मात्र तयार फौजी होते, बिनडोक्याचे. आपण फक्त चेहरा द्यायचा, तो चिकटवून देतो. मी त्यातला सगळ्यात रुबाबदार निवडला. त्याच्या छातीवर एक पॅराशूट होतं आणि त्याला दोन पंख. मला वाटलं, शोभेचे असतील.

खरं तर निदान मला तरी असं वाटायला नको होतं. आमची ओळखच अशा शोभेवरून झाली होती. निघोज्याजवळच्या एका कंपनीत मी खरेदी विभागात, आणि तो सैन्यातून निवृत्त होऊन मेंटेनन्सला आलेला. कंपनीतल्या काही जणांचा मोटरसायकलवाल्यांचा क्लब होता. पहिल्या राइडला मी ऑनलाइन मागवलेलं जाकीट घालून गेलो. त्यावर कवटी, गरुड, तलवारी, कुठल्याशा पलटणीचा वाघ... कापड दिसायला जागा नव्हती. दिलीपने माझ्याभोवती सावकाश एक प्रदक्षिणा घातली.

"मान्या, ह्या खांद्यावर तू बर्फात लढलायस, त्या खांद्यावर वाळवंटात. पाठीवर तर बहुतेक शहीदच झालायस."

"अरे, डिझाइन आहे ते."

"असू दे. पण उद्या कोणी विचारलं, कुठली पलटण, तर काय सांगशील? खरेदी विभाग?"

सगळे हसले. मीही हसलो, पण हट्टाने भर उन्हात जाकीट काढलं नाही आणि संध्याकाळपर्यंत उकडून निघालो. त्याच्या स्वतःच्या जाकिटावर एकच बिल्ला होता, पान्याचा. घाटात कोणाची गाडी बंद पडली की लोक तो पाना बघून त्याच्याकडेच यायचे.

कंपनीतही बाहीवर कापडी बिल्ले असायचे. आग विझवायला शिकलेल्याला लाल, प्रथमोपचारवाल्याला हिरवा. हिरवा माझ्या शर्टावर खुलून दिसेल म्हणून मी प्रथमोपचाराच्या वर्गाला नाव दिलं, मागच्या बाकावर झोप काढली आणि बिल्ला शिवून घेतला. एका दुपारी मशिनवर एकाचा हात चांगलाच कापला. माझी बाही लांबून ओळखून लोक त्याला धरून धावत आले ते थेट माझ्याकडे. रक्त बघून मीच खाली बसलो. डोळे उघडले तेव्हा दिलीपने त्याचा हात बांधून टाकला होता, आणि तो जखमी गडी उरलेल्या हाताने मला पाणी पाजत होता.

त्या दिवशी दिलीपने थट्टा केली नाही. घरी येताना कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून म्हणाला, "बिल्ला आपल्यासाठी नसतो रे. अडचणीत कोणाकडे धावायचं, ते लोकांना लांबून कळावं म्हणून असतो. तू शोभेला लावलास, तेवढा वेळ त्या पोराचं रक्त जास्त गेलं." मी घरी जाऊन बिल्ला उसवला. हा माणूस जरा जास्तच कडक आहे, असं तेव्हा वाटलं होतं...

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या दिवशी हॉलच्या दारात माझा फ्लेक्स झोकात उभा होता. दिलीपबरोबर सैन्यात नोकरी केलेले, निघोज्याचे निवृत्त सुभेदार येळवंडे आले आणि त्याच्यासमोर थबकले. बराच वेळ हलेनात.

"ह्ये पंख कुनी लावलं?"

"मी," मी पुढे झालो. अजूनही कौतुक होईल अशी आशा होती.

"इमानातनं उडी मारनाऱ्यालाच मिळत्यात ह्ये. दिलप्या ह्याच्यासाठी गेला व्हता वो. सोताहून नाव दिलं व्हतं. लई कठीण चाचणी असती ती. शेवटाला गुडघा गेला, न् माघारी धाडला त्याला. पलटणीत आला, पर लई दिस कुनाशी बोलला न्हाई."

इतक्या वर्षांत, इतक्या राइड झाल्या, टपऱ्यांवर इतका चहा झाला, पण हे त्याने कधी काढलं नव्हतं. मी त्याच्या बोलण्याला शिस्त समजत होतो. ते पंख काय असतात हे तो पुरतं जाणून होता, कारण ते त्याच्या हाताशी येऊन निसटले होते.

आत बुद्धवंदना सुरू व्हायची होती, माणसं येत होती. मी वहिनींना बाजूला घेतलं. सुभेदार म्हणाले ते सांगितलं, आणि वर माझं शहाणपण जोडलं, "राहू द्यायचे का वहिनी? त्याला हवे होते. गेल्यावर तरी मिळाले म्हणू..."

वहिनी फ्लेक्सकडे बघत राहिल्या. "मला बघायला आले तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, मोठा लढवय्या समजून हो म्हणणार असशील तर आधी हे ऐक. ते ऐकूनच मी हो म्हटलं." मग त्यांनी पदराने डोळे टिपले. "जे त्यांनी स्वतः कधी लावून घेतलं नाही, ते त्यांना लावणारे आपण कोण? काढा."

मी कोणाकडून तरी कटर आणला, खुर्चीवर चढलो आणि पंख चौकोनात कापून काढले. चौकोनातून मागे पार्किंगमध्ये उभी असलेली कोणाची तरी जुनी मोटरसायकल दिसू लागली. सुभेदारांनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "आता वळखू आला." आपल्या हातून अखेर काहीतरी नीट झालं, असं वाटून मी उतरायला पाय खाली टाकला. वहिनी मात्र फ्लेक्सची खालची कड बघत होत्या. तिथे रिवाजाप्रमाणे शोकाकुल मंडळींचे गोल फोटो होते, आणि पहिला, जरा मोठा, माझा होता.

"भावोजी, कटर हातात आहे तोवर हाही काढा," त्या म्हणाल्या. "माणूस आमचा गेलाय, आणि तुम्ही गॉगल लावून हसताय."