डोंगराआडचा दुसरा सूर्य

माझं सासर पालीचं. गावाच्या दक्षिणेला बालाघाटाचा डोंगर असा आडवा पसरलेला, की तिकडचं खालचं आभाळ म्हणून दिसायचं नाही. त्या डोंगराला मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील, देव जाणे!

कारण आमच्या ह्यांचा तारा त्याच्या पलीकडं होता. हे हैदराबादेत शिकत. उन्हाळ्याच्या सुटीत आले तेव्हा ओट्यावर बसून मला सांगत होते, "आपल्या सूर्यासारखाच तो. तसाच पिवळसर, जवळजवळ तेवढाच मोठा. त्यातून सगळ्यात जवळचा. तरी त्याचा उजेड इथं पोचायला चार वर्षांच्या वर लागतात."

मी म्हटलं, "जवळचा म्हणता अन् चार वर्षं? मग लांबच्यांनी काय करावं!" हे पोट धरून हसले. मास्तरांनी दुर्बिणीतून दाखवला तर एकाचे दोन झाले म्हणे. एक थोरला, एक जरा लहान अन् तांबूस, एकमेकांभोवती फिरणारे. "ज्येष्ठात दिवेलागण झाली की दक्षिणेला बघत जा," म्हणाले, "मीबी बघीन."

त्याच सुटीत मामंजी त्यांना म्हणाले, शाळा पुरे, आता औत धर. शब्दाला शब्द वाढला. हे भरल्या ताटावरून उठून गेले, ते पुढचे दोन उन्हाळे फिरकलेच नाहीत. खुशालीचा निरोपसुद्धा नाही. घरात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती.

माझा जीव थाऱ्यावर नसे. एक भाकरी करपायची, एक कच्ची राहायची. दिवेलागणीला मी माळवदावर चढून, टाचा उंचावून डोंगराकडं बघायची. खालून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडायच्या, "अगं ए, कावून तिकडं तोंड करून उभी ऱ्हायलीस? दक्षिण यमाची! सवाशीण हायस ना? कुकवाची तरी काळजी कर!" अस्सा राग यायचा! कुंकवाच्या काळजीनंच तर बघत होते. पण बोलायची चोरी.

मृग तोंडावर आला होता. नात्यातल्या लग्नाला आम्ही दोघी सासवासुना बैलगाडीनं मांजरसुंब्याला निघालो. घाट चढेपर्यंत अंधार पडला. वर आल्यावर गाडीवानानं बैलांना दम खाऊ दिला, अन् मी खाली उडीच मारली. पुढं सगळं पठार उघडं. पण पश्चिमेकडून ढग सरकत येत होते. आज हुकलं तर पाऊसकाळ लागणार, पुन्हा वर्षभर थांबा, या विचारानं मी तशीच पुढं धावले.

दिसला! जमिनीच्या वर जेमतेम वीतभर दोन ठळक चांदण्या होत्या. उजवीकडची निळसर. आमचा डावीकडचा, पिवळा. मला रडूच फुटलं.

"पुन्हा तिकडंच!" आत्याबाई मागं येऊन उभ्या होत्या.

या खेपेला मी ऐकून घेतलं नाही. "तुमचा लेक बघतोय तिकडं," मी फाडकन म्हणाले. "मला सांगून गेलेत."

ज्या बाईनं उभ्या जन्मात दिव्याची वातसुद्धा दक्षिणेला केली नाही, ती पदर सावरून वळली. "कंचा गं?"

मी बोटानं दाखवला.

"ह्यो तर एकच हाय."

"दिसतो एक, पण दोन हायत, आत्याबाई. थोरला अन् धाकटा. धाकटा लई लांब जातो, पण सुटून जात न्हाई. फिरून जवळ येतो."

"किती दिसांनी?"

खोटं सांगायला हवं होतं. पण ह्यांनी सांगितलेलंच तोंडून गेलं, "ऐंशी वर्सांनी."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "अगं बाई, तवर मी कुठली ऱ्हाते!"

ढग आला, तारा झाकला. गाडीवान हाका मारायला लागला, पाऊस येईल, बसा म्हणून. आत्याबाई जागच्या हलेनात.

"थांब की रं जरा," त्या त्याच्यावर खेकसल्या. "माझं लेकरू आजून बघत आसंल."