बरण्यांतली काळजं

जलोदराचे रोगी माझ्याकडे बैलगाडीत पाठीशी गोधड्या रचून बसवलेले यायचे, कारण आडवं झालं की त्यांचा श्वास कोंडायचा. पोट ताणलेलं, हातपाय काड्यांसारखे, डोळ्यांत पिवळी झाक. सोबतचा माणूस गाडीतून उतरता उतरताच सांगायचा, हा सिंदी प्यायचा, नाहीतर मोहाची प्यायचा. कधी ते खरं असायचं, पुष्कळदा नसायचं. पण जलोदर म्हणजे दारू, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. दवाखान्याच्या बाहेरही आणि आतही.

मी हसनाबादचा, शेतकऱ्याच्या घरचा. हैदराबादला जाऊन उर्दूतून डॉक्टरी शिकलो आणि तरुणपणीच जालन्यातल्या एका दवाखान्यात शस्त्रक्रिया करायला लागलो. गळवं, मुतखडे, बैलानं शिंग खुपसलेली पोटं, हे माझं रोजचं काम. यकृताकडे मी वळलो तो एका बाईमुळे.

तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यात तिला दिलेलं होतं. तिला घेऊन आला तो तिचा थोरला भाऊ. नवरा आला नाही. पोटात पाणी साठायला लागल्यावर सासरच्यांनी तिला माहेरी आणून टाकलं होतं आणि गावभर सांगितलं होतं, की ही चोरून पिते.

मी पोटाला नळी लावून पाणी काढलं, तेव्हा तिला जरा मोकळं वाटलं. मला विचारणं भागच होतं.

"बाई, खरं सांगा. कधी घेतलीत?"

तिनं पदर पोटावर ओढून घेतला. मग म्हणाली, "साहेब, म्या आयुष्यात थेंब न्हाई घेतला. तुमी बी तेच इचारून राह्यले."

तिनं आवाज चढवला असता तर मी कदाचित विसरलोही असतो. तिनं चढवला नाही. मी खुर्ची ओढून बसलो आणि ती काय खाते, पाणी कुठलं पिते, ताप कधी आला होता, सगळं विचारू लागलो. त्यातून पेवाची गोष्ट निघाली.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. वरची ज्वारी चांगली राहते. तळाची आणि कडेची ओल धरते, काळी पडते, तिला कुबट वास येतो. तिच्या सासरी वरच्या ज्वारीच्या भाकरी पुरुषांना व्हायच्या. तळची काळी ज्वारी सासू वेगळी काढून ठेवायची. ती सुनांना आणि सालगड्यांना.

"कडू लागायची का?" मी विचारलं.

"लागायची. पर सासू म्हणायची, माहेरी काय गहू खात होतीस का."

पाणी उतरल्यावर पोट चाचपता आलं. उजव्या बरगडीखाली दगडासारखी गाठ लागली. मी तिला ईथरची भूल देऊन पोट उघडलं. यकृत खडबडीत, आक्रसलेलं, आणि त्यात एक मोठी, पांढुरकी गाठ. कापून काढण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. छोटा तुकडा तपासायला घेतला आणि पोट शिवून टाकलं. भावाला बाहेर बोलावून सांगितलं, की हा कर्करोग आहे, उपाय नाही.

तो म्हणाला, "मंग तिला सांगू नका."

तिला सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "साहेब, मी जाणार हाय. मेल्यावर माझं काळीज काढून बघा. दारूचं न्हाई, असं दिसलं तर माझ्या सासरी जाऊन सांगा. माझी पोर हाय तिथं. आई दारुडी होती म्हणून तिला उद्या कोण करून घेईन?"

भाऊ तिथेच उभा होता. त्यानं मान हलवली.

ती गेल्यावर त्याच्या संमतीनं मी यकृत, तिच्या भाषेत काळीज, काढून बरणीत ठेवलं. खरं तर नुसत्या यकृताकडे पाहून ते दारूनं बिघडलं की आणखी कशानं, हे मला तरी ठामपणे सांगता आलं नसतं. पण तिच्या शब्दावर माझा विश्वास बसला होता. मी तिच्या सासरी गेलो.

सासरा ओट्यावर बसलेला होता. त्यानं मला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, सगळं रीतसर. मी सांगितलं, की तुमच्या सुनेला कर्करोग होता, ती पीत नव्हती.

तो म्हणाला, "काळजावर तसं लिव्हलेलं असतं का, डाक्टर?"

"बाबा, पेवातली काळी ज्वारी घरात कुणाला घालू नका. माझा संशय तिच्यावर आहे."

"मंग काय फेकून द्यावं? दुष्काळात लोक झाडाचा पाला खाऊन जगले. आमचे आज्जे-पणजे हेच खात आले."

आतून एक नवी मुलगी चहा घेऊन आली. हातातला चुडा कोरा होता. मुलाचं दुसरं लग्न लावून झालं होतं. सोप्यात एक चिमुरडी भाकर कुस्करून खात बसली होती. ती भाकर काळपट होती. मी चहा तसाच ठेवून उठलो, आणि त्या उद्धटपणाची चर्चा म्हणे गावात पुष्कळ दिवस झाली. माझं बाकीचं बोलणं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर मी जलोदराच्या प्रत्येक रोग्याला पेवाबद्दल विचारू लागलो. ज्यांच्या घरच्यांनी परवानगी दिली त्यांची यकृतं मी राखून ठेवली. कपाटाचा एक खण भरला, मग दुसरा. दवाखान्याच्या मागं मी ससे पाळले आणि काहींना काळी ज्वारी, काहींना चांगली ज्वारी घातली. काळी खाणारे वाळत गेले. त्यांना उघडलं तर यकृत फिकट आणि सुजलेलं असायचं. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळत होतं. मला चांगली प्रयोगशाळा हवी होती, सूक्ष्मदर्शक हवा होता, आणि माझ्यापेक्षा जास्त जाणणारा कुणीतरी हवा होता.

माझे वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा मी त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी सशांच्या पिंजऱ्यांपाशी नाकाला रुमाल लावला.

"ये दवाखाना है, चिडियाघर नहीं," ते म्हणाले.

मी बरण्या दाखवल्या, बायकांचं सांगितलं, त्यातल्या कुणी दारूला शिवलेलं नव्हतं हे सांगितलं.

"औरतें छुपके पीती हैं. आप जराहत कीजिए, जनाब, तहकीकात का काम दूसरों पर छोडिए."

मी शस्त्रक्रिया कराव्यात, शोध दुसऱ्यांनी घ्यावा; हे दुसरे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. पिंजरे उचलण्याचा हुकूम झाला. ससे माळ्यानं नेले आणि त्यांचा रस्सा झाला असावा. काळी ज्वारी खाल्लेल्या सशांना हात लावू नका, असं मी बजावलं होतं. माळी हसला होता.

काही वर्षांनी तशीच एक बैलगाडी दवाखान्यासमोर आली. ह्या वेळी त्या पहिल्या बाईचा सासरा स्वतः आला होता. गाडीत चुडेवाली ती दुसरी सून बसलेली, पोट तसंच ताणलेलं. त्यानं मला ओळखलं की नाही कोण जाणे. खाली उतरून म्हणाला, "साहेब, ही बी चोरून पिऊ राह्यली."

मी नळी लावून पाणी काढलं. बोलण्यासारखं माझं पूर्वीच बोलून झालं होतं. ती बाई महिनाभरच जगली. तिचं यकृत मागण्याची इच्छा मला झाली नाही.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. रझाकारांचा जोर होता. गावागावांतून माणसं निघून जात होती, काही मारली जात होती. दवाखान्यात तलवारीचे आणि गोळ्यांचे घाव यायचे आणि मी शिवत राहायचो, कुणाचे हे न विचारता. याचा राग दोन्हीकडच्यांना होता. मी उर्दू शिकलेला, शेरवानी घालणारा, म्हणून आपल्या लोकांना माझा भरवसा नव्हता. मी हसनाबादचा हिंदू, म्हणून दुसऱ्यांना नव्हता.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि राज्य बदललं. त्यानंतरच्या गोंधळाच्या दिवसांत कुणीतरी उठवलं, की दवाखान्यात मारलेल्या माणसांची काळजं बरण्यांत भरून ठेवलीत. भरदिवसा आवारात गर्दी जमली. दार फोडून त्यांनी कपाट उघडलं. बरण्या होत्याच. आता मी काय सांगणार?

मी सांगितलं. रोगानं गेलेल्यांची आहेत, घरच्यांनी दिलेली आहेत, एकेकाचं गाव मला ठाऊक आहे. कुणी ऐकत नव्हतं. तेवढ्यात गर्दीत मला त्या पहिल्या बाईचा भाऊ दिसला. डोक्याला नवं पागोटं होतं. मी त्याला हाक मारली.

"ह्याला विचारा. ह्याच्या बहिणीचं यात आहे. ह्यानं स्वतः दिलंय."

लोक बाजूला सरले. तो एकटा उभा राहिला.

"तू दिल्तं का रे?" कुणीतरी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "न्हाई," तो म्हणाला. "आमाला काईच ठाव न्हाई. आमी तिला पुरी जाळली."

मला मार बसला तो फार नव्हता. कानशिलात काही, पाठीत काही. नवीन आलेला एक अंमलदार शिपाई घेऊन पोचला, म्हणून तेवढ्यावर निभावलं. तो समजूतदार होता. त्यानं माझं म्हणणं शांतपणे ऐकलं, त्याला ते पटलंही, आणि मग लोकांच्या समाधानासाठी त्यानं सगळ्या बरण्या दवाखान्यामागं खड्ड्यात रिकाम्या करवल्या. वरून चुना टाकला. माझी बदली झाली.

पुढं पेन्शनीपर्यंत मी आतडी शिवली, मुतखडे काढले. यकृताकडे पुन्हा गेलो नाही. फार वर्षांनी एका वैद्यकीय मासिकात वाचलं, की परदेशातल्या शास्त्रज्ञांना बुरशी आलेल्या धान्यात यकृत बिघडवणारं विष सापडलं आहे. त्यांच्याकडे प्रयोगशाळा होत्या, प्राणी होते, आणि पिंजरे उचला म्हणणारं कुणी नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, असं बायको म्हणाली. मी मासिक तिच्याच हातात दिलं.

त्याच सुमारास शहागडला बसची वाट बघत होतो. गोदावरीकडून गरम वारा येत होता. एक म्हातारा काठी टेकत जवळ आला आणि रामराम घालून बाकावर बसला. आवाजावरून ओळखलं. तोच भाऊ.

"साहेब," तो म्हणाला, "त्या दिशी मी भ्यालतो. बहीण काळजाबगर जाळली असं कळलं असतं तर भावकीनं आमाला वाळीत टाकलं असतं."

"ठीक आहे," मी म्हणालो.

"माझी भाची चांगल्या घरी पडली. कुणी काई इचारलं न्हाई."

ही बातमी आणून तो माझ्याकडून काय मागत होता, ते मला समजत होतं. द्यायला काही अवघड नव्हतं. तोंडातून दोन शब्द काढायचे, एवढंच. लोकांना मी सांगतो, की मी त्याला माफ केलं.

बस आली. तो उठायला धडपडत होता. मी त्याला हात न देता चढलो आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसलो.