हवालदार इबोम्चांची पकड

माझी पकड सुटत नाही. ही बढाई नाही. ज्यांनी ती शिकवली, त्यांची कमाई आहे.

मी तेव्हा फौजेत नायक होतो. गाव मुदखेड, वडील रेल्वेत. अंगानं दणकट, त्यामुळे डोक्यातही तीच हवा. नव्या युनिटमध्ये पोस्टिंग झाली आणि हवालदार इबोम्चा सिंह यांनी पहिल्याच सकाळी ती हवा काढली. इबोम्चा मणिपूरचे, उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढे. हॅपकिडो नावाच्या कोरियन विद्येचा कोर्स करून आलेले, आमचे अनआर्म्ड कॉम्बॅटचे उस्ताद. पी.टी. झाली की मॅटवर फॉलइन. ठोसे आणि लाथा कमी, सांध्यांच्या पकडी जास्त.

"जोर मत लगाओ, जवान," ते म्हणायचे. "जोर उसको लगाने दो."

समोरच्याच्या हाताच्या पाठीवर, करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मुळांमध्ये आपला अंगठा रोवायचा. मनगट बाहेरच्या बाजूला वळवायचं आणि सोबत कंबर फिरवायची. बास. माणूस आपोआप गुडघ्यावर येतो. तो जितका हिसडे देईल तितकी पकड आवळते. मी सगळं बळ पणाला लावून पाहिलं आणि दर वेळी मॅटचा वास घेत पडलो. पुढं मलाही ती जमली, तेव्हा कंपनीतले पहिलवान माझ्यापासून चार हात लांब राहू लागले.

उस्तादांचा नियम एकच. दुखणं सोसवेना झालं की खालच्यानं मॅटवर तळहात आपटायचा आणि वरच्यानं त्या क्षणी सोडायचं. "थाप बजी, हाथ खुला. बीच में सोचना नहीं." एकदा थाप वाजल्यावरही मी मस्तीत पकड धरून ठेवली. त्यांनी मला आठवडाभर मॅटवर चढू दिलं नाही. कडेला उभं करून दुसऱ्यांच्या थापा ऐकायला लावल्या. तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता.

त्यानंतर लातूरकडे भूकंप झाला आणि आमची कंपनी एका गावात ढिगारे उपसायला गेली. मी मराठवाड्यातला, म्हणून दुभाष्याही मीच. दगडमातीची घरं बसली होती. काही भिंती उभ्या होत्या, पण त्यांचा भरवसा नव्हता. जमीन अधूनमधून थरथरायची.

गल्लीच्या टोकाला दिगंबर नावाच्या शिंप्याचं घर होतं. किरकोळ अंगाचा तरुण माणूस. तान्ह्या मुलीला घेऊन तो बाहेर पडला होता. बायको आत राहिली. छप्पर खाली आलं होतं आणि पुढची भिंत गल्लीकडे झुकली होती. आम्ही कान लावून ऐकलं. आतून आवाज नव्हता. मी वायरलेसवर विचारलं.

"टायगर वन, टेकूच्या बल्ल्या निघाल्या का? ओव्हर."

"रस्त्यात आहेत. टेकू लागल्याशिवाय आत कुणी जाणार नाही. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

दिगंबर थांबायला तयार नव्हता. "ती आत हाय! साद द्यायलीय! सोडा मला!" तो दाराकडे धावला. इबोम्चांनी त्याचं मनगट धरून त्याला अलगद गुडघ्यावर बसवलं. मी ओरडलो, "अहो, पोरगी तंबूत आहे तुमची! तिला आता तुम्हीच आहात!" त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. त्यानं हिसडे दिले. पकड हलली नाही. मग तो वाकला आणि मोकळा तळहात जमिनीवर आपटत त्यानं हंबरडा फोडला. एकदा, दोनदा.

इबोम्चांचा हात उघडला.

मी त्यांचा चेहरा पाहिला. ते स्वतःच्याच हाताकडे बघत होते. तोवर दिगंबर दारात पोहोचला होता. "रुको!" म्हणत उस्ताद मागे धावले. जमीन गुरगुरली. त्यांनी दाराच्या आतून त्याचं तेच मनगट धरलं, कंबर फिरवली आणि त्याला बाहेर फेकलं. तो माझ्या पायाशी येऊन पडला. भिंत उस्तादांवर आली.

आम्ही हातांनी दगड काढले. उस्ताद गेले होते. पुढं बल्ल्या आल्या आणि आम्ही दिगंबरच्या बायकोलाही बाहेर काढलं. डॉक्टर म्हणाले, ती पहिल्याच धक्क्यात गेली असणार. दिगंबरनं मान वर केली नाही. त्यानंतर आमची भेट नाही.

नायब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन मी लातूरला आलो, तेव्हा गावाचा नूर पालटला होता. गल्लोगल्ली कोचिंग क्लास, त्यांच्या मागं होस्टेलं. हिमायतनगर, कंधारपासून मुली पत्र्याच्या पेट्या घेऊन डॉक्टर व्हायला यायच्या. एका होस्टेलच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी त्यांना पकडी शिकवू लागलो. पोरी चलाख. फिजिक्सवाल्या तर मलाच तरफ समजावून सांगायच्या. कंधारच्या एकीनं बसस्टँडवर अंगचटीला येणाऱ्याला गुडघ्यावर आणलं आणि सगळ्यांदेखत "चुकलं ताई" म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी ती क्लासला अशी ऐटीत आली, की मलाच सॅल्यूट करावासा वाटला.

त्यातलीच एक अश्विनी. अबोल, पण तिचा अंगठा पहिल्या दिवसापासून बरोबर जागी पडायचा. एका संध्याकाळी तिचे वडील हॉलच्या दारात उभे राहिले.

"सर, हिचं नाव काढा."

"का? अभ्यास बुडतोय का?"

"अभ्यासाचं न्हाई. ह्या पकडीवर भिस्त ठेवून ही कुठं अडकली तर? ही पकड सुटती, सर. मी सोडवून घेतलो हाय. मिल्ट्रीच्या हवालदाराच्या हातातनं. अंगात कुठनं बळ आलतं, देव जाणं. माझ्यापायी त्यो माणूस मेला."

केस पिकले होते, म्हणून ओळखलं नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस असं समजत होता.

"या मॅटवर," मी म्हणालो. "हात द्या."

मनगट अजूनही तसंच बारीक होतं. मी पकड घेतली. "हिसडा मारा." त्यानं मारला आणि गुडघ्यावर आला. "अजून. सगळा जीव लावा." तो घामाघूम झाला.

"न्हाई सुटत," तो धापा टाकत म्हणाला.

"आता तळहात आपटा."

त्यानं आपटला. माझा हात उघडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा," मी म्हणालो. पुन्हा तेच झालं.

"दिगंबरराव, मी तिथंच होतो. तुम्हाला ओरडून सांगत होतो तो मीच. आमच्यात थाप वाजली की सोडायचं असतं. मध्ये विचार करायचा नसतो. त्या हवालदारांचं सगळं आयुष्य त्यात गेलं होतं."

"म्हंजे मी न्हाई सोडवून घेतलो?"

"कुणाच्या बापाला सुटली नसती ती पकड."

"पर मी तर दुःखानं हात आपटलो, सर."

"त्यांना मराठी येत नव्हतं. एवढंच कळलं, की समोरच्याला आता सोसवत नाही."

तो मॅटवरच बसला आणि मोठ्यानं रडला. अश्विनी, तंबूतली तीच तान्ही पोरगी, त्याच्याजवळ जाऊन बसली. मीही रडलो, पोरींसमोर. लाज वाटली नाही.

डोळे पुसून त्यानं विचारलं, "काय नाव हुतं त्यांचं?"

"इबोम्चा."

त्याला ते चटकन म्हणता येईना. अश्विनीनं तोडून तोडून सांगितलं. बरोबर आल्यावर तो स्वतःशीच पुटपुटत राहिला. जाताना त्यानं माझा मॅटवर घालायचा सरावाचा कोट मागून नेला, उसवलाय म्हणाला.

अश्विनीचं नाव काही कमी झालं नाही. कोट आठवड्यानं परत आला. उजव्या बाहीच्या आतून, बरोबर मनगटावर, त्यानं ते नाव दोऱ्यानं शिवलं होतं. बाहेरून दिसत नाही. नवी मुलगी पकड शिकायला माझं मनगट धरते, तेव्हा तिच्या बोटांना ते कापडाखालून जाणवतं. ती विचारते, हे काय आहे सर? मग आमचा पहिला धडा सुरू होतो.