एकवीस दिवसांत येते म्हणाली होती

माझी नात जालन्यात कॉलेजला आहे. गेल्या हिवाळ्यात तिची वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, पॅलेस्टिनी लोक निर्वासित झाले त्याला जबाबदार कोण? चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तिला बाजू आली, ती माणसं आपणहून गेली. पाच मिनिटं बोलायचं होतं. घरात ऐकायला कुणाला वेळ नव्हता. मी दुपारी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, म्हणून मी सापडले.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण टीव्ही बघते. गाढवाच्या गाडीवर गाद्या रचून चाललेले गाझातले लोक मी पाहिले आहेत. हे सुरू कुठून झालं ते नातीनं सांगितलं. सन अठ्ठेचाळीस. तिकडे ज्यूंचा नवा देश झाला, अरब देशांशी लढाई लागली आणि लाखो माणसं घरं सोडून गेली. कुणी म्हणतं बंदुकीच्या धाकानं हाकलली, कुणी म्हणतं त्यांच्याच पुढाऱ्यांनी थोडे दिवस बाजूला व्हा म्हणून सांगितलं. शिकलेली माणसं अजून त्यावर भांडतात म्हणे.

नात उभी राहिली आणि हात पुढं करून म्हणाली, "अध्यक्ष महोदय, ती माणसं स्वतःच्या पायांनी गेली!"

"मंग दुसऱ्याचे पाय कुठून आणणार होते?" मी म्हणाले.

"आजी, मधी बोलू नको ना. टाइम लावून राह्यले मी."

"लाव. पण एक सांग. जाताना कोंबड्या विकल्या का शेजारणीकडं ठेवल्या?"

ती हसली. "कोंबड्यांवर मार्क न्हाईत, आजी."

"न्हाईत ना? मंग बस खाली. तुझे पाच मिनिट मला दे."

अठ्ठेचाळीस साली मी सहा-सात वर्षांची होते. भोकरदनच्या पुढं आमचं गाव. निजामाचं राज्य होतं. आमच्या घराला लागून एका मुसलमान पिंजाऱ्याचं घर. तो कापूस पिंजायचा, त्याची बायको गावातल्या बायकांना गाद्या भरून द्यायची. तिला मी चाची म्हणायची.

त्या उन्हाळ्यात रझाकारांची टोळी फिरू लागली, तेव्हा आधी आम्ही पळालो. बापानं आम्हाला गाडीत घातलं आणि हद्दीपलीकडं बुलढाण्याकडं मावशीच्या गावी नेलं. मायनं घर आणि कोंबड्या चाचीच्या हवाली केल्या. दीड महिन्यानं आलो तर अंगण झाडलेलं होतं, आणि चार कोंबड्यांच्या मागं पिल्लं हिंडत होती. चाचीनं एकही स्वतःला ठेवलं नव्हतं. आम्ही गाव सोडून गेलो असं कुणी म्हणालं नाही. पाहुण्यांकडं गेले होते, आले.

पावसाळा संपता संपता पोलीस ॲक्शन झाली. हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं. आता दिवस उलटे फिरले. आजूबाजूच्या गावांतून नको नको त्या बातम्या येऊ लागल्या. आमच्या गावात कुणी चाचीच्या दाराला हात लावला नाही. पण पारावर बसलेली माणसं पिंजारी दिसला की बोलणं थांबवायची. त्याला तेवढं पुरलं.

निघायच्या दिवशी सकाळी चाची खुडुक कोंबडी काखेत घेऊन आमच्याकडं आली. पदरात अंडी. प्रत्येक अंड्यावर तिनं कोळशानं रेघ ओढली होती, म्हणजे दुसरं अंडं मिसळायला नको. आमच्या पडवीत कोंडा पसरून कोंबडी बसवली, वरून डालगं झाकलं आणि मायला म्हणाली, "एकवीस दिवसांत पिल्लं निघतील. तवर येतेच मी. पाणी तेवढं ठेव, बहन."

कायमची जाणारी बाई कोंबडी अंड्यांवर बसवत नाही. कापून खाते, नाहीतर विकून टाकते. हे कळायला कॉलेज लागत नाही.

पिल्लं निघाली. नऊ. घारीपासून ती राखायचं काम माझ्याकडं होतं. दोन-तीन दिवसांनी मी पिल्लं घेऊन वेशीजवळच्या उकिरड्यावर होते, तेव्हा चाची आणि तिचा नवरा येताना दिसले. डोक्यावर एकच बोचकं. माझा बाप शेतातून येत होता. तो वाटेत आडवा उभा राहिला.

"आत्ता नका येऊ," बाप म्हणाला. "हवा बरी न्हाई."

"कुणी काही बोललं का?" पिंजाऱ्यानं विचारलं.

"बोललं न्हाई. पण मी सांगतो ना. मागून या."

हवा चांगली होती. मी रोज तिथंच खेळत होते. खरी गोष्ट अशी की बापानं आठ दिवसांपूर्वी त्यांच्या अंगणात आमचे बैल बांधले होते.

चाची माझ्याकडं बघून म्हणाली, "किती निघाली गं?"

"नऊ."

"अच्छी निघाली," ती म्हणाली. दोघं आल्या वाटेनं परत गेली. मी घरी कुणाला बोलले नाही. पुढं जन्मभर गाव म्हणत आलं, पिंजारी आपणहून गेला. बापही म्हणायचा. मी गप्प राहिले, ते आजपर्यंत.

नातही आता माझ्याबरोबर शेंगा सोलत होती. मग म्हणाली, "मंग आजी, जबाबदार कोण?"

"तिकडचं मला माहीत न्हाई. तिकडं लढाई होती, ते शिकलेल्यांना विचार. इथलं सांगते. गेली ती भीतीनं, आणि भीती सगळ्या गावानं घातली. पण परत आलेल्याला वेशीवरून फिरवलं ते माझ्या बापानं. गेले कसे हे सगळे विचारतात. येऊ का दिलं न्हाई, हे विचार. तिकडच्यांना येऊ दिलं का परत?"

"लढाईनंतर? न्हाई दिलं."

"मंग ते बोल."

"माझ्या बाजूच्या विरुद्ध जातंय ते."

"जाऊ दे."

स्पर्धेत ती तीन मिनिटं चिठ्ठीतल्या बाजूनं बोलली आणि उरलेली दोन मिनिटं कोंबडीवर. नंबर आला नाही. परीक्षक म्हणाले, बाजू सोडली. पण कुणीतरी मोबाइलवर भाषण घेतलं होतं, ते फिरत फिरत आमच्या गावी गेलं. चौथ्या दिवशी भाच्याचा फोन. त्याचा गोठा आजही त्याच अंगणात आहे.

"आत्या, कशाला उकरून काढलंस? म्हाताऱ्याची इज्जत घातली चव्हाट्यावर."

"खोटं काय हाय त्यात?"

"खोटं-खरं राहू दे. उद्या त्यांचं कुणी आलं जागा मागायला, तर?"

"आलं तर वेशीवर आडवा उभा राहू नको. घरात घे, चहा दे, अन् मला फोन कर. आमच्या बापानं तुमच्या माणसांना परत पाठवलं, हे मी सांगते त्यांना."

"तू म्हातारी झालीस, आत्या."

"झाले. म्हणून जल्दी कर म्हणते. पाहिलेलं आता माझ्याशिवाय कुणी राह्यलं न्हाई."

त्यानं फोन ठेवला. मी नातीला हाक मारली आणि पिंजाऱ्याच्या घराचं दार कुठल्या तोंडाला होतं, बैल कुठं बांधले, वेस कुठं होती, सगळं तिच्याकडून कागदावर काढून घेतलं. खाली माझी सही केली. चौथी शिकले, सही येते मला.