मारुती आमच्या विहिरीवर

पुस्तक मीच आणलं. जालन्याच्या स्टँडवर बसला वेळ होता, मारुतीच्या गोष्टींचं रंगीत चित्रांचं पुस्तक दिसलं, म्हटलं लेकरं खूश होतील. स्वतःच्या पायावर इतक्या हौसेनं धोंडा पाडून घेणारा मी भोकरदन तालुक्यात एकटाच असेन.

कारण तोवर आमच्या घरात मारुतीचा कारभार माझ्याकडे होता. आम्ही भोकरदनला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो; आई गेल्यापासून गावच्या घराला कुलूप. दिवेलागणीला पोरांना मारुतीची गोष्ट सांगायची, तेवढंच माझं गावाला जाणं. माझा मारुती डोंगर घेऊन उडाला की नेमकी आमच्या गावावर त्याला तहान लागायची. डोंगर खळ्यात टेकवून तो विहिरीवर यायचा, बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावरच्या माणसांनी खोदलेल्या. चुलती पोहरा ओतता ओतता विचारायची, "पाव्हणे कोणत्या गावचे?" कुंभारतात्या वाटेसाठी माठ द्यायचे, न्हावीकाका शेपटी नीट करून द्यायचे. गावात कुणी वारलं की मी त्याला गोष्टीत घ्यायचो. त्यामुळे विहिरीवर गर्दी वाढत चालली होती आणि तिकडं रणात औषधाची वाट बघणारे ताटकळत होते.

पोरगी तेव्हा पाचवीत. तिनं पुस्तक एका बैठकीत संपवलं. संध्याकाळी मी मारुतीला विहिरीपर्यंत आणला, तर म्हणाली, "बाबा, तो कुठंच थांबला न्हाई. अन् विहीर तर आजीच्या वक्ताची ना? मंग मारुतीला कशी भेटंल?"

धाकटा हसला. मी देवाच्या लीलेबद्दल काहीबाही बोललो. तिनं पान उघडून पुढं धरलं. खाली समुद्र, वर मारुती. खळं नाही, पोहरा नाही, चुलती नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती वाचायची आणि धाकटा ऐकायचा. छान वाचायची, हेही सांगायला हवं. मी बाजेवर बसून राहायचो. विहिरीची जागा आली की उगाच खोकायचो. कुणी मान वर केली नाही. कुलपाकडे बघूनही जे वाटलं नव्हतं ते तिथं वाटलं, की आता गावात माझं कुणी उरलं नाही.

एका रविवारी पोरं खेळायला गेल्यावर मी बायकोपुढं गाऱ्हाणं मांडलं. ती ज्वारी पाखडत होती. माझ्या एवढ्या माणसांना आता कोण आठवणार, असं म्हणून मी एकेकाचं नाव घेतलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं.

"त्या हिरीची माती मी वाह्यली," ती म्हणाली. "आमच्या वस्तीवरून येत व्हतो आम्ही. आईच्या मागं, डोक्यावर टोपलं, पोटात कामावर वाटलेली सुकडी. तुमच्या गोष्टीत सारा गाव पाण्यावर आला, मी न्हाई आले. मला काय मेल्यावर घेणार व्हता?"